पार्किन्सनमध्ये मेंदूत लोह साचते, मग ते काढल्यावर रुग्णांची लक्षणे वाढली कशी?

प्रश्न:
आईला पार्किन्सनचे निदान झाल्यापासून मी या आजारावरील संशोधन जमेल तसे वाचत आहे. हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे मेंदूतील रसायन तयार करणाऱ्या ज्या पेशी या आजारात मरतात, त्यांच्याच भागात लोह प्रमाणाबाहेर साचलेले आढळते, आणि २०१२ मध्ये ज्याला फेरॉप्टोसिस हे नाव मिळाले तो पेशीमृत्यू तर लोहावाचून घडतच नाही. असे असूनही, लोहाला बांधून बाहेर काढणारे डेफेरिप्रोन ३७२ रुग्णांच्या ज्या चाचणीत तपासले गेले, तिच्या २०२२ मधील अहवालानुसार औषध घेणाऱ्यांची लक्षणे औषध न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली. मग लोहाचा दोष नव्हताच, असे समजायचे का?

उत्तर १:
तसे समजणे घाईचे होईल. फेरॉप्टोसिसमध्ये मोकळे लोह पेशीपटलातील मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणाला चालना देते, आणि जीपीएक्स-४ हे सेलेनियमयुक्त विकर (एन्झाइम) त्याला आवर घालू शकले नाही, तर पटल फाटून पेशी मरते. त्यामुळे लोह किती आहे याइतकेच, ते फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनामध्ये बंदिस्त आहे की मोकळे आहे आणि त्या विकराला लागणारे ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य पेशीत पुरेसे आहे का, हेही महत्त्वाचे ठरते.

आता चाचणीकडे पाहू. त्यात नव्याने निदान झालेले आणि लेव्होडोपा, म्हणजे शरीरात डोपामिनमध्ये रूपांतरित होणारे पार्किन्सनचे औषध, कधीही न घेतलेले रुग्ण होते. डोपामिन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला स्वतःच लोहाची गरज असते. एमआरआयमध्ये मेंदूतील लोह खरोखरच घटलेले दिसले, म्हणजे औषधाने आपले काम केले होते. परंतु तग धरून असलेल्या पेशींची डोपामिन बनवण्याची क्षमताही त्याबरोबर मंदावली असावी, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि मला ते पटते. मात्र छत्तीस आठवड्यांत वाढलेली लक्षणे म्हणजे पेशी अधिक वेगाने मेल्या, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उत्तर २:
तांब्याचा इतिहास येथे उपयोगी पडेल. विल्सनच्या आजारात एटीपी७बी या जनुकातील दोषामुळे यकृतातून तांबे बाहेर टाकले जात नाही, आणि १९५६ पासून वापरात असलेल्या पेनिसिलामिनसारख्या औषधांनी ते काढल्यास रुग्ण सावरतात, कारण तेथे धातूचा अतिरेक हेच आजाराचे मूळ आहे. पार्किन्सनमध्ये लोह हे मूळ आहे की परिणाम, याचा निर्णय अजून झालेला नाही.

उलट एलेस्क्लोमोल हे औषध तांबे पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांत, पोहोचवते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरील त्याची मोठी चाचणी २००९ मध्ये थांबवावी लागली, तरी रक्तातील एलडीएच (कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवू लागल्या की वाढणारे विकर) कमी असलेल्या रुग्णांत लाभाची चिन्हे होती. २०२२ मध्ये कप्रॉप्टोसिसचा, म्हणजे तांब्यामुळे घडणाऱ्या पेशीमृत्यूचा, शोध लागल्यावर, मायटोकॉन्ड्रियातील श्वसनावर विसंबणाऱ्या पेशींनाच तांबे अधिक मारते हे कळले आणि त्या जुन्या निरीक्षणाला अर्थ प्राप्त झाला. रुग्णांची निवड चुकली की चांगली कल्पनाही फसते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आईला रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्या थांबवाव्यात का?

उत्तर १:
स्वतःहून मुळीच थांबवू नका. मेंदूच्या एका भागात लोह साचलेले असतानाही शरीरात त्याची कमतरता असू शकते. मात्र लोह आणि लेव्होडोपा आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि लेव्होडोपाचे शोषण घटते, म्हणून त्या लेव्होडोपा घेत असतील, तर दोन्ही गोळ्यांमध्ये किती अंतर ठेवावे हे डॉक्टरांना अवश्य विचारा.