संगणकावरचं हलतं चित्र थेट दाखवायचं तर व्हिडिओ पाठवावा की आकडे?

त्रिमिती
१९९२ मध्ये एमबोन हे इंटरनेटवरचं प्रक्षेपणाचं जाळं सुरू झालं आणि इंटरनेटवरून एकाच वेळी अनेकांना आवाज आणि चित्र पाठवता येऊ लागलं. महागड्या ग्राफिक्स वर्कस्टेशनवर चाललेलं सिम्युलेशन दूरच्या लोकांना दाखवायचं, तर पडद्यावरचं चित्र व्हिडिओ करून पाठवावं, की वस्तूंची जागा, आकार असे नुसते आकडे पाठवून चित्र समोरच्या यंत्राला काढू द्यावं? माझ्या मते त्या काळात व्हिडिओच योग्य होता. त्रिमितीय चित्रं झरझर काढणारी यंत्रं मोजक्या प्रयोगशाळांत होती, पण व्हिडिओ बघायला साधं वर्कस्टेशन पुरायचं. एनव्ही किंवा व्हिक हे व्हिडिओ बघायचे प्रोग्रॅम, त्यातलं एक उघडलं की झालं. बघणाऱ्याकडे ना वस्तूंच्या आकारांचं मॉडेल लागायचं, ना ते मूळ सॉफ्टवेअर.

काटकसर
साफ असहमत. हिशोब मांडू या. ६४० × ४८० चं चित्र, दर पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला १५ चित्रं : सेकंदाला ११ कोटी बिट झाले. एमबोनवर एका व्हिडिओने सेकंदाला साधारण १२८ किलोबिटमध्ये भागवायचं आणि सगळ्यांनी मिळून ५०० च्या आत राहायचं, असा संकेत होता. म्हणजे माहिती आठशे पटींहून जास्त दाबून लहान करायची. त्यात चित्राचं काय उरणार?

आता १९९३ चं डीआयएस मानक बघा, म्हणजे अनेक यंत्रांनी जाळ्यावरून मिळून एकच सिम्युलेशन चालवायचे नियम. एका विमानाची जागा, वेग आणि दिशा सांगणारं मूळ पॅकेट १४४ बाइटचं. सेकंदाला दहा पाठवली तरी साडेअकरा किलोबिट. आणि दहा लागतही नाहीत. वेग कळलेला असतो, त्यामुळे पुढची जागा समोरचं यंत्र स्वतःच काढतं. अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला की मगच नवं पॅकेट जातं. शिवाय चित्र शेवटपर्यंत धारदार.

जाळेकर
+१ काटकसर. त्यात भर म्हणजे व्हिकमध्ये वापरलेली एच.२६१ ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत आयएसडीएनवरच्या, म्हणजे डिजिटल फोनलाइनवरच्या, व्हिडिओ संभाषणासाठी बेतलेली होती. चेहऱ्यावर छटा हळूहळू बदलतात, ग्राफिक्समध्ये बारीक रेषा आणि सपाट रंग असतात. चित्राचे ८ × ८ चे ठोकळे करून दाबलं की कडांभोवती भुरभुर दिसते. रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी होते, त्यामुळे निळ्यावरची लाल अक्षरं फिसकटतात. आकार तर ३५२ × २८८ किंवा त्याहून लहान. वायरफ्रेम, म्हणजे नुसत्या रेषांचं, मॉडेल असं दाखवण्यात काय अर्थ? त्याआधी पडद्याचा सिग्नल टीव्हीच्या सिग्नलमध्ये बदलून घेतला असेल, तर आडव्या बारीक रेषा लुकलुकणार ते वेगळंच.

त्रिमिती
अक्षरं आणि वायरफ्रेमबद्दल मान्य. पण तुम्ही दोघं विमानाचंच उदाहरण धरून बसलात. विमान आकार न बदलणारी घट्ट वस्तू आहे, मोजक्या आकड्यांत मावते. धुराचा किंवा पाण्याचा प्रवाह घ्या. १०० × १०० × १०० बिंदूंची जाळी, दर बिंदूला चार बाइट : एका क्षणाचेच ४० लाख बाइट. व्हिडिओला मात्र आत काय गुंतागुंत आहे याच्याशी देणंघेणं नाही. कॅमेरा स्थिर असेल तर बदललेले ठोकळेच पाठवायचे, आणि धुराच्या मऊ छटा एच.२६१ ला छान मानवतात.

काटकसर
कॅमेरा स्थिर असेल तर! प्रवाह समजून घ्यायला त्याच्याभोवती फिरावं लागतं, आणि फिरलात की प्रत्येक ठोकळा बदलला. त्याहून वाईट म्हणजे बघणाऱ्याला स्वतःच्या कोनातून बघताच येत नाही. पाठवणारा दाखवेल तेच बघायचं. माझा खरा आक्षेप हा आहे.

जाळेकर
पॅकेट हरवण्याच्या बाबतीत मात्र त्रिमिती यांचं पारडं जड आहे. व्हिकमध्ये प्रत्येक ठोकळा स्वयंपूर्ण जायचा, आधीच्या चित्रावर अवलंबून नसायचा; न बदललेले ठोकळेही अधूनमधून पुन्हा पाठवले जायचे. त्यामुळे हरवलेला भाग भरून यायचा आणि उशिरा आलेल्यालाही थोड्या वेळात पूर्ण चित्र मिळायचं. डीआयएसमध्ये स्थिर वस्तूही दर पाच सेकंदांनी आपली खबर देते, पण जमिनीचं मॉडेल आधीपासून तुमच्याकडे हवंच.

काटकसर
मॉडेल एकदाच उतरवून घ्यायचं असतं. आणि प्रवाहाची सगळी जाळी कशाला पाठवता? त्यातून पृष्ठभाग काढा, तो ज्यांनी बनतो ते त्रिकोण पाठवा, बघणारा हवा तसा फिरवेल.

त्रिमिती
तो पृष्ठभाग क्षणाक्षणाला बदलतो, मग एकदा उतरवून कसं भागेल? १०,००० त्रिकोणांच्या बंद पृष्ठभागाला साधारण ५,००० शिरोबिंदू लागतात, दर बिंदूला १२ बाइट. म्हणजे ४८० किलोबिट, आणि कुठला बिंदू कुठल्या त्रिकोणात ही माहिती अजून धरलेलीच नाही. एकाच चित्रात एमबोनची सेकंदाची सगळी मर्यादा संपली.