१९९१ची येझदी रोडकिंग, कर्नाटक पासिंग. घेऊ का?

शिलाईवाली, सांगली

नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारणार होते, पण ते जमेलसं दिसत नाही.

निपाणीजवळ एका गावात १९९१ची रोडकिंग मोटारसायकल विकायला आहे. चेरी रंग, केए २२ पासिंग. मूळ मालक तंबाखूचे शेतकरी, ते वारले. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर. आता मुलगा विकतोय, ९५ हजार म्हणतोय.

मी ५६ वर्षांची. सांगलीत शाळांचे गणवेश शिवून द्यायचा व्यवसाय आहे. उंची पाच फूट एक इंच, आणि गुडघे अजून कुरकुरत नाहीत.

येझदीच का, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. १९८७-८८ला मी विलिंग्डन कॉलेजात शिकत होते. मामाची तासगावला द्राक्षबाग आणि त्याच्याकडे रोडकिंग. सुट्टीत त्यानं मला बागेच्या रस्त्यावर ती चालवायला शिकवली. माझ्या डोक्यात जाऊन बसली ती डाव्या बाजूची लिव्हर. आत दाबायची, वर उभी करायची, किक मारायची. गाडी सुरू झाली की तीच लिव्हर खाली येऊन गिअरची होते. आणि एका सिलिंडरला दोन सायलेन्सर! मामाला विचारलं, एकानं भागत नाही का? तर म्हणाला, "एक माहेरचा, एक सासरचा."

मग आजीला कळलं. तिनं मामाला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला लुना मिळाली. पुढं कायनेटिक होंडा, आता अ‍ॅक्टिव्हा. सगळ्या गुणी गाड्या, तक्रार नाही. पण त्यातली एकही मी मागितलेली नव्हती.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, नवी येझदी घे, सेल्फ स्टार्ट आहे, डोक्याला ताप नाही. शोरूममध्ये जाऊन बसून आले. देखणी आहे, पण लिव्हर कुठाय? नवऱ्याची हरकत वेगळीच आहे. पोर्चमध्ये नुकत्याच फरशा बसवल्यात, आणि "ती गाडी ऑइल गळते" एवढंच तो सारखं म्हणतोय.

मागच्या आठवड्यात गाडी बघून आले. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण शिवण कळते. मुलगा म्हणाला, सीट कव्हर कंपनीचं आहे, वडिलांनी कधी बदललं नाही. मी वाकून बघितलं. कडेच्या पायपिंगला नवाकोरा नायलॉनचा धागा, टाके लांब लांब, आणि कोपऱ्यात रेक्झिनला चुणी पडलेली. हे काम फार तर वर्षभरापूर्वीचं, आणि तेही घाईत केलेलं. सीटबद्दल थाप मारणारा इंजिनाबद्दल खरं सांगेल का, ही माझी पहिली शंका.

दुसरी धुराची. पाच-सहा किकमध्ये सुरू झाली. पांढरा धूर निघायला लागला तो दहा मिनिटं झाली तरी थांबेना. "टू स्ट्रोक आहे मावशी, धूर येणारच." येणारच हे मलाही माहीत आहे, मामाची गाडी बघितलीय. पण एवढा?

कागदांचं कसं करायचं? आणि माझ्या उंचीच्या बाईला ही गाडी रोज नाही, पण आठवड्यातून एकदा मिरज-तासगाव करायला झेपेल का? शोपीस म्हणून नको आहे. चालवायला हवी आहे.

फॉर्म३०, पुणे

ताई, तुमचा धूर नंतर बघू, आधी कागद. जुन्या गाडीत माणूस इंजिनापेक्षा आरटीओत जास्त अडकतो.

मालक वारलेत म्हणजे मुलगा आज कायद्यानं तुम्हाला गाडी विकूच शकत नाही. आधी त्यानं फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. बाकीच्या वारसांची संमती लागते. त्याला भाऊ-बहिणी आहेत का विचारा. एक बहीण जरी "मला विचारलं नाही" म्हणाली तरी फाईल तिथंच बसते.

पासिंग कधी संपलंय ते आरसीवर बघा. पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. उशिराला दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा. दोन वर्षं चुकली असतील तर ७,२०० इथंच झाले. शिवाय २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरणाची फी २०२५ पासून २,००० झालीय. हे सगळं कर्नाटकातच, त्याच्या खर्चानं उरकायचं. मग फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, सांगलीच्या नावानं. ती हातात आली की तुमच्याकडे नाव बदलायला फॉर्म २९, ३०, नव्या नंबरासाठी २७, इथला रोड टॅक्स आणि पर्यावरण कर. शेवटी नवी सुरक्षा नंबर प्लेट.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा. १९९१चं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो, आणि बँकेची ती शाखा आता सापडत नाही.

कोणी सांगेल, व्हिंटेजमध्ये टाका, व्हीए सिरीज मिळते. ऐकू नका. त्याला गाडी ५० वर्षांवरची लागते. ही पोरगी आहे अजून. शिवाय व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही.

आणि एक. सध्या तुमच्याकडे अ‍ॅक्टिव्हा. लायसन्सवर 'गिअरसहित' आहे की 'विनागिअर'?

शिलाईवाली, सांगली

आत्ता पर्समधून काढून बघितलं. विनागिअर. इतकी वर्षं हे कार्ड जवळ आहे, पण त्यावरचं ते बारीक अक्षर कधी वाचलंच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो जरा जास्तच खूश झाला.

बहिणी दोन आहेत असं मुलगा बोलता बोलता म्हणाला होता. विचारते.

उद्यमनगर, कोल्हापूर

ताई, धुराचं मी सांगतो. आमच्या गॅरेजात जावा-येझदी वडलांच्या काळापासून.

टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, म्हणून धूर सुरुवातीला येतो, इंजिन तापलं की विरळ होतो. तुमचा थांबला नाही, म्हणजे पेट्रोलमधल्या ऑइलच्या जोडीला गिअरचं ऑइलपण जळतंय. क्रँकच्या डाव्या अंगाला, क्लचकडच्या बाजूला, ऑइल सील असतो. तो कडक झाला की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून घेतं. गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा. कमी भरली तर शंभर टक्के तेच. तुमच्या साहेबांच्या फरशीचं मात्र वेगळं: खाली गळतंय ते पॅकिंगमधनं. पॅकिंग नीट बसवलं तर येझदी गळत नाही. गळते असं म्हणणाऱ्यांनी मिस्त्री बदलावा.

उजवीकडचा सील गेला तर धूर येत नाही, पण हवा ओढते. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, बोंबलत राहतं. ते जास्त वाईट, पिस्टन धरतो, म्हणजे आत जाम होतो.

बघायला परत जाल तेव्हा आधी त्या मुलाला फोन करून सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही." गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून बघा, गार पाहिजे. तापवून ठेवलेली गाडी कुणाच्या पण किकला सुरू होते. किक मारली की लिव्हर आपसूक गिअरच्या जागी परत येते का बघा. पायानं ओढायला लागली तर आत स्प्रिंग नाहीतर आटे गेलेत. मग क्लचला हात न लावता नुसता पायानं गिअर टाका. येझदीत लिव्हर दाबली की क्लच आपोआप सुटतो. केबल तुटली तरी माणूस घरी येतो ते ह्याच्यामुळं. सुटत नसला तर सेटिंग गेलंय, किंवा उभी राहून कॉर्कच्या प्लेटा चिकटल्यात. ते किरकोळ काम.

क्रँकचा आवाज ऐका. खालनं ठकठक येत असली तर कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग आलं. सिलिंडर बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, सील, क्रँक धरून २५-३० हजार ठेवा बाजूला. बोअरिंग आणि क्रँक दाबायचं काम उद्यमनगरात होतंय, लांब जायला नको. पार्ट मिळतात. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला तरी माल बनवणारे आहेत. सगळाच माल चांगला नसतो एवढंच, घेताना मिस्त्रीला दाखवून घ्या.

९५ लई झाले. ह्या धुराला ६०च्या वर जाऊ नका.

आरएक्सवाला, नाशिक

ताई, हौस कळते, पण त्यापेक्षा यामाहाची आरएक्स १०० बघा की! वजनाला शंभर किलोच्या आसपास, ९८ सीसी, ११ बीएचपी, पायाला हलकी, ऑइलचा पंप वेगळा, पेट्रोलमध्ये मिसळत बसायची गरज नाही. १९८५ ते ९६ एवढ्या निघाल्या की स्पेअरची चिंताच नाही. रोडकिंग १४० किलोची आहे. सिग्नलला कलली की समजेल.

शिलाईवाली, सांगली

आरएक्स चांगली असणारच. माझ्या वर्गातली मुलं तिच्यावरून इतकी भांडायची की तेव्हापासून मला तिचा कंटाळा आहे. आणि हल्ली दीड-दीड लाख सांगतात म्हणे तिचे. वजनाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्याचंच उत्तर हवंय.

कृष्णाकाठ, कराड

उंचीचं मी सांगते. मी पाच फूट दोन, वय ४८, माझी १९८४ची येझदी क्लासिक आहे.

किक बसून मारायचीच नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, डाव्या बाजूला जमिनीवर उभ्या राहा आणि उजव्या पायानं मारा. किकची लिव्हर डावीकडे असल्याचा आपल्याला फायदाच आहे. सगळं वजन पायावर येतं, गुडघ्याला झटका बसत नाही. गार इंजिनाला आधी पेट्रोलचा कॉक उघडा. जुना कार्बोरेटर असेल तर वरचं छोटं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबून धरा. मग इग्निशन बंद ठेवून दोन हलक्या किका, नंतर चालू करून एक खरी. ताकदीचं काम नाहीच, लय सापडली पाहिजे.

खरी मेहनत मेन स्टँडवर चढवताना आहे. हातानं उचलायला जाल तर पाठ धराल. स्टँडच्या दांडीवर पूर्ण उभ्या राहा, गाडी आपली आपण मागे चढते.

सीटचं तर तुम्हाला काय सांगायचं! दोन्ही पायांचे चवडे टेकत नसतील तर मधला फोम इंच-दीड इंच उतरवा आणि मांडीजवळ दोन्ही कडा तासा. मला त्यासाठी सीटवाल्याकडे चार खेपा घालायला लागल्या आणि शेवटी उतार उलटाच करून दिला. तुम्ही घरीच कराल, आणि धागाही बरोबरचा घालाल.

ऑइलला घाबरू नका. चांगलं टू-टी (टू स्ट्रोकचं ऑइल) असेल तर लिटरभर पेट्रोलला ३० ते ४० मिली. पूर्वी पंपावर टू-टीचं मशीन असायचं, आता बहुतेक ठिकाणी नाही. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा करून ती डिकीत ठेवते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, टाकी आतून गंजते. महिनाभर चालवणार नसाल तर टाकी रिकामी करा, कार्बोरेटरमधलंही काढा. निपाणीची गाडी पडवीत किती काळ उभी होती? झाकण उघडून मोबाईलची बॅटरी मारून आत बघा.

पीयूसीची धास्ती नको. २०००च्या आधीच्या दुचाकीला मर्यादा सैल आहे, कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के. नीट जुळवलेलं इंजिन पास होतं. माझं होतं.

शिलाईवाली, सांगली

सगळ्यांचे आभार. आज दोन फोन केले.

पहिला निपाणीला. म्हटलं, आधी गाडी तुमच्या नावावर करा, पासिंग करा, एनओसी काढा, आणि मगच ६० हजार. तो म्हणाला, इतकं कोण करतंय मावशी, लोक सही करून घेऊन जातात. म्हटलं, मग लोकांना द्या. तासाभरानं त्याचाच परत फोन. थोरली बहीण बेळगावातच असते, ती सही देईल, धाकटीला विचारतो म्हणाला. ६०ला तयार नाही, ७०वर आलाय. सीटचा विषय मी मुद्दाम काढला. हसला आणि म्हणाला, गणपतीत शिवून घेतलं. मग जरा बरं वाटलं.

दुसरा ड्रायव्हिंग स्कूलला. गिअरसाठी नवं लर्निंग काढावं लागेल, ते झाल्यावर ३० दिवसांनी टेस्ट. तिथल्या पोरानं विचारलं, "कुठल्या गाडीवर देणार काकू, स्प्लेंडर आणू?" हो म्हणून टाकलंय. निपाणीचे कागद व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ लागेल असं दिसतंय.

उद्यमनगरवाले दादा, गाडी दुसऱ्यांदा बघायला जाईन तेव्हा तुम्ही किंवा तुमचा माणूस बरोबर येईल का? येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी मी देईन.

उद्यमनगर, कोल्हापूर

मजुरी राहू द्या. रविवार सोडून कधीपण सांगा, निपाणी इथनं तासाभरावर. येताना आरसी बुकाची झेरॉक्स मागून घ्या, इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर मी पेन्सिलनं घासून ताडून बघतो. आणि ७० म्हणतोय तर थांबा, लगेच हो म्हणू नका. सील उघडून बघितल्यावर बोलू.