हिरोज ३: एक एंजल की वीस मार्क्समन?

उंचटेकडी:
हिरोज ऑफ माईट अँड मॅजिक ३ (१९९९) या कॉम्प्युटर गेममध्ये कॅसल हे गाव घेतलं की जो तो त्यातल्या सगळ्यात तगड्या युनिटच्या, म्हणजे एंजलच्या मागे धावतो. मला ही मोठी चूक वाटते. एंजलची किंमत ३००० सोनं आणि एक रत्न. तेवढ्याच सोन्यात १५० च्या भावाने २० मार्क्समन (बाणवाले) येतात. प्रत्येकाचा फटका २ ते ३ आणि प्रत्येक जण दोनदा बाण सोडतो, म्हणजे राऊंडला सरासरी १०० डॅमेज. एंजलचा फटका ५०. त्याचा अटॅक २० आहे हे मान्य, पण समोरच्याचा डिफेन्स १० धरला तरी त्याचे होतात ७५ आणि मार्क्समनचे राहतात ९०. शिवाय एंजल विकत घेण्यासाठी गावात बांधावी लागणारी इमारतच २०००० ची. सिटी हॉलमधून मिळणाऱ्या रोजच्या २००० सोन्यावर तिला दहा दिवस लागतात. तोवर निम्मा नकाशा दुसऱ्याने खाल्लेला असतो.

वेशीवरचा:
तुमचा हिशोब फक्त जवळच्या बाणांचा आहे. लढाईच्या पटावर दहा घरांपलीकडे बाणाचं डॅमेज निम्मं होतं, म्हणजे पहिल्या राऊंडला ते ९० बहुतेक वेळा ४५ च असतात. आणि शत्रू येऊन चिकटला की मार्क्समनला बाण सोडताच येत नाही, हाताने मारतो तेही अर्ध्या ताकदीने.
खरा मुद्दा जखमांचा आहे. दोन्हीकडे हिट पॉइंट्स २००. शंभराचा मार बसला की तुमचे दहा मेले, ताकद अर्धी. एंजलचा एक पॉइंट उरला तरी तो पुरे ५० मारतो आणि लढाई संपली की पुन्हा ठणठणीत. रोज तीन-चार लढाया करायच्या तर मला तोच हवा.

उंचटेकडी:
चिकटू द्यायचं कशाला? बाणवाल्यांसमोर एकेक भालाईत उभा करा, एक्सपर्ट स्लो हा शत्रूचा वेग कमी करणारा मंत्र टाका. निम्म्या वेगाने येईपर्यंत शत्रू दोन राऊंड बाण खातो. भालाईत मेला तर गेले ६० सोनं.

दक्षिणवारा:
या भालाइताची खरी किंमत ६० नाही हो! सैन्य घेऊन फिरणारा हिरो नकाशावर दिवसभरात किती चालणार हे सैन्यातला सगळ्यात संथ युनिट ठरवतो. मार्क्समनचा वेग ६, म्हणजे चालीचे १७०० पॉइंट. वेग ४ चा भालाईत सोबत ठेवलात की १५६०. नुसते एंजल असतील तर पूर्ण २०००. नकाशावर साध्या जमिनीच्या एका घराला १०० लागतात, म्हणजे रोज चार-पाच घरांचा फरक. आठवड्यात एखादी सोन्याची खाण हातची जाते. आमिष म्हणून एकेक ग्रिफिन (कॅसलचाच उडणारा प्राणी) ठेवा, त्याचा वेग ६ आहे आणि तो राऊंडला दोनदा उलट मारतो.

उंचटेकडी:
हे पटलं. भालाईत गावातच राहतील, किंवा दिवस सुरू झाल्यावर दुसऱ्या हिरोकडून घेईन. चाल सकाळीच ठरते, नंतर घेतले तर कमी होत नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांचं सोनं मी मार्क्समनवरच घालणार.

वेशीवरचा:
आणि तिसऱ्या आठवड्यात वेढा घालाल तेव्हा? तटाआडच्या शत्रूवर बाण पुन्हा निम्मे. ही घट काढून टाकणारी गोल्डन बो ही जादुई वस्तू सापडली तर गोष्ट वेगळी, पण ती काय प्रत्येक नकाशात पायाशी पडलेली नसते. माझा एंजल तट ओलांडून थेट त्यांच्या बाणवाल्यांवर जातो.

उंचटेकडी:
तटावरून उडायला रॉयल ग्रिफिन, म्हणजे ग्रिफिनची सुधारित आवृत्ती, आहेत. कितीही जण तुटून पडले तरी ते प्रत्येकाला उलट मारतात. इमारतीचे २०००० मी तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोडणार नाही.