थंडरबर्ड अपडेट झाल्यापासून बटणं सापडत नाहीत

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,

गणपती तोंडावर आलेत, वर्गणीच्या पावत्या अजून जायच्यात आणि नेमकं आत्ताच मंडळाच्या कॉम्प्युटरवरचं मेलचं थंडरबर्ड आवृत्ती १०२ वरून ११५ वर गेलं. मेल सगळे जागेवर आहेत, पण हाताला काहीच लागत नाही. मेल आणायचं बटण वर डावीकडे असायचं, ते गेलं. फाइल, एडिट, व्ह्यूची पट्टी शोधपट्टीच्या खाली जाऊन बसलीय. डाव्या कडेला चित्रांची उभी रांग आलीय, तिचं काय करायचं कळत नाही. यादीतल्या ओळी इतक्या सुट्या झाल्यात की कोणाची वर्गणी आली ते बघायला सारखं खाली सरकावं लागतं. मराठी अक्षरं बारीक दिसतात ते वेगळंच.

कुणीतरी येऊन जुनी आवृत्ती परत घालून द्या. पावत्यांचं काम थांबलंय.

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, नमस्कार.

जुनी आवृत्ती कृपा करून घालू नका. ११५ ने वापरलेलं प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंग्ज ठेवलेलं फोल्डर, १०२ उघडत नाही. नवं कोरं प्रोफाइल करायला सांगतं. ते केलंत की पडद्यावर एकही मेल दिसणार नाही. मेल डिस्कवर शाबूत असतात, पण ऐन गणपतीत रिकामा इनबॉक्स बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. शिवाय १०२ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं २०२३ मध्येच बंद झालं, आणि त्याच कॉम्प्युटरवर मंडळाचे बँकेचे मेल येतात.

मेल आणायचं बटण आता फोल्डरांच्या यादीच्या डोक्यावर आहे, निळ्या 'न्यू मेसेज'च्या शेजारी. ओळी जवळ आणायला उजवीकडे वरच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा, 'डेन्सिटी'मध्ये 'कॉम्पॅक्ट' निवडा. अक्षरांचा आकारही त्याच मेन्यूत वाढतो. मेलच्या यादीच्या वर उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह आहे, तिथे 'टेबल व्ह्यू' निवडलेला आहे ना, ते बघा. 'कार्ड्स व्ह्यू' लागला असेल तर रकाने दिसत नाहीत, आणि तुम्हाला तारीख आणि नाव रकान्यातच हवं. डावीकडची चित्रांची रांग लपवता येते, तिच्यावाचून तुमचं काही अडणार नाही.

मराठीसाठी जागा वेगळी आहे. सेटिंग्ज, जनरल, तिथे फॉन्टसमोरचं 'अॅडव्हान्स्ड'. वरच्या यादीत 'देवनागरी' निवडा आणि मगच आकार वाढवा. लॅटिनचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, आकार वाढवून मराठी मोठं होत नाही, इथे बरेच जण अडकतात. फार जुने मेल इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखे दिसत असतील तर तो या अपडेटचा दोष नाही. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे, शिवाजीसारख्या फॉन्टात टाइप केलेले आहेत.

एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. उघडलेल्या मेलच्या वर 'मोअर' आणि त्यात 'कस्टमाइझ' आहे. तिथे बटणांवर चित्रासोबत शब्दही आणता येतात, आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता कायम दिसेल असं करता येतं. आपल्याकडे एकाच आडनावाची तीन-चार घरं आहेत, बापलेकांच्या पावत्या अदलाबदल होणं त्याने टळेल.

बदल का केला तेही सांगते. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ ची. इतक्या वर्षांत थरावर थर चढलेला कोड नव्याने बांधल्याशिवाय पुढे काही करता येत नव्हतं, म्हणून जुलै २०२३ मध्ये 'सुपरनोव्हा' नावाने हे आलं. कारण मला पटतं. पण ज्यांनी साठी उलटल्यावर माऊस हातात धरला त्यांना बटणाचं नाव आठवत नसतं, जागा आठवते. त्यांची जागा हलवायची तर आधी सांगायला हवं आणि शेजारी बसून दाखवायला हवं. 'होईल सवय' एवढं म्हणून सोडून देणं मला मुळीच मान्य नाही. मंडळाचे निम्मे हिशेब अशाच हातांनी चाललेत.

प्रेषक: युवा विभाग

ताई, मला कार्ड्स व्ह्यू आवडला. लॅपटॉपच्या अरुंद पडद्यावर विषय पूर्ण वाचता येतो. पण मंडळानं हे सगळं ब्राउझरमध्येच का नेऊ नये? दरवर्षी हाच गोंधळ होणार.

प्रेषक: वेबसाइट समिती

ब्राउझरमध्ये बदल होत नाहीत असं थोडंच आहे? तिथे तर सकाळी उठून बघावं तर सगळं बदललेलं, आणि जुनी मांडणी ठेवायची की नाही हे आपल्या हातात नसतं. इथे निदान टेबल व्ह्यू परत आणता येतो. दुसरं म्हणजे मंडळाचे जुने मेल कुठल्याही सर्व्हरवर नाहीत, फक्त त्या कॉम्प्युटरवरच्या प्रोफाइलमध्ये आहेत. घटनेच्या मसुद्यावरची सगळी चर्चा त्यातच आहे. म्हणून पुढच्या वर्षीच्या मोठ्या अपडेटच्या आधी थंडरबर्ड बंद करून ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं. ती जबाबदारी तू घेशील का? 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलंस की त्याची जागा सापडेल.

प्रेषक: युवा विभाग

घेतो. शनिवारी काकांकडे जातो, आत्ताचीच प्रत आधी काढून ठेवतो.

प्रेषक: खजिनदार

टेबल आलं, कॉम्पॅक्ट झालं, मराठी चष्म्याशिवाय वाचता येतंय. 'रिप्लाय ऑल' अजून शब्दात दिसत नाही, ते शनिवारी बघू. येताना बाहेरची डिस्क मोठी आण, जुन्या मेलमध्ये फोटो फार आहेत. उरलेल्या पावत्या आज रात्री जातील. ज्यांना उद्या दुपारपर्यंत मिळणार नाहीत त्यांनी स्पॅम बघून मग मला कळवावं.