२०२० च्या करोनातल्या गणपतीला गावी जाताना धोका नक्की कोणाचा मोजला?

खाडीकाठचा:
त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. सरकारने मुंबईकरांना कोकणात १० दिवसांचं विलगीकरण लावलं, १२ ऑगस्टच्या आत पोचा म्हणून सांगितलं. त्यानंतर निघणाऱ्यांना आधी टेस्ट. यावर गावात अजून वाद होतात. माझं मत असं की चाकरमान्यांनी धोका मोजला तो फक्त वाटेतला. गाडी पुसून घेतली, डबा घरचा, वाटेत चहासुद्धा नाही. आणि पडवीत पाय ठेवल्याबरोबर मास्क खुंटीला! अनोळखी माणसाची भीती वाटली, चुलतभावाची नाही. आत सत्तरी ओलांडलेली, मधुमेहाची आजी होती. तिला कोणी विचारलं?

लालबागची सून:
आमच्या चाळीत मजल्याचा संडास सामायिक, खोली दहा बाय बारा, माणसं सहा. तिथे अंतर कसलं पाळणार? घरात बसणं सुरक्षित, हे फ्लॅटवाल्यांचं गणित. आम्हाला गावचं मोकळं खळंच सुरक्षित वाटलं, आणि ते चूक नव्हतं. आजीला विचारलंही होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "गणपती बसतलो आणि घरात माणूस नाय, ह्या चलाचा नाय."

वाडीतला एक:
वहिनी, सासूबाई हो म्हणाल्या, पण शेजारच्या म्हाताऱ्याने हो म्हटलं नव्हतं. मी ग्रामसमितीत होतो. शाळेच्या वर्गात सतरंज्या आम्हीच टाकल्या, जेवणाचे डबे दारात आम्हीच ठेवले. अत्यवस्थ पेशंट ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्यायचा म्हणजे केवढी धावपळ! येणाऱ्याला फक्त स्वतःचा धोका दिसत होता, आम्हाला अख्ख्या वाडीचा. १० ऐवजी १४ दिवसांचं विलगीकरण मागत होतो ते आकसाने नाही.

घाटमाथा:
टेस्टबद्दल कोणीच बोलत नाही. निगेटिव्ह कागद म्हणजे परवाना, असं लोक धरून चालले. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात, सुरुवातीच्या दिवसांत टेस्टमध्ये काही सापडेलच असं नाही. आणि १० दिवस विलगीकरण, वर सणाचे दिवस, एवढी रजा खासगी नोकरीत कोण देतं? ज्याला रजा नाही तो लपूनछपूनच येणार. नियम करताना हे धरायलाच हवं होतं.

लालबागची सून:
शेजाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, भाऊ. म्हणूनच आम्ही आरतीला कोणाकडे गेलो नाही, भजनालाही कोणाला बोलावलं नाही. पण जायलाच नको होतं, हे मला आजही पटत नाही.