सॅन अँटोनिओहून मोठा ट्रेलर घेऊन मेक्सिकोत जायचे आहे; सीमा कोणत्या पुलावरून ओलांडावी?

गोदातीर, कॉलेज रोड, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी आणि जावई टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे राहतात. त्यांनी यंदा ३० फूट लांबीचा, आत राहण्याची सोय असलेला ट्रेलर घेतला असून तो ओढण्यासाठी त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी पिकअप आहे. आम्ही उभयता डिसेंबरच्या सुरुवातीला नाशिकहून त्यांच्याकडे जात आहोत आणि नाताळच्या सुट्टीत चौघांनी मिळून मेक्सिकोतील सान मिगेल दे आयेंदे या जुन्या गावी दोन आठवडे जाऊन यावे, असा बेत आहे. मुलांना कामातून सवड मिळत नसल्यामुळे मार्गाचा आराखडा करण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे.

फोनवरचा नकाशा लारेडो, नुएवो लारेडो, मॉन्टेरे, साल्तियो आणि सान लुईस पोतोसी असा रस्ता दाखवतो. अंतराच्या दृष्टीने तो सरळ आहे. परंतु पिकअप आणि ट्रेलर मिळून जवळजवळ ५० फूट लांबीचे धूड घेऊन त्याच रस्त्याने जाणे कितपत शहाणपणाचे, हे मला ठरवता येत नाही. दुसरी अडचण अशी की पिकअप मुलीच्या नावावर आहे आणि ट्रेलर जावयांच्या. शिवाय जावयांचा एच-१बी (अमेरिकेत नोकरी करण्याचा दर्जा) मंजूर असला तरी पासपोर्टावरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे. आमच्या दोघांचे बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसे चालू आहेत. ज्यांना या मार्गाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परतलेला नाशिककर, गंगापूर रोड

काका, मी ह्यूस्टनला नोकरीला असताना याच रस्त्याने ट्रेलर घेऊन गेलो आहे, म्हणून आधी पुलाविषयी लिहितो. लारेडो शहरातले दोन जुने पूल, म्हणजे एक आणि दोन क्रमांकाचे पूल, थेट नुएवो लारेडोच्या भरवस्तीत उतरतात, तर वर्ल्ड ट्रेड ब्रिज हा केवळ मालवाहू ट्रकांसाठी आहे. आपल्यासाठी योग्य तो कोलंबिया सॉलिडॅरिटी पूल. तो लारेडोच्या वायव्येला साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर, वस्तीपासून दूर आहे. त्याला आठ मार्गिका आहेत आणि पलीकडच्या बाजूला लांब वाहन उभे करून कागदपत्रे करायला ऐसपैस जागा आहे. मुख्य म्हणजे पलीकडचे टोक नुएवो लेओन राज्यात आहे. नुएवो लारेडो ज्या तामाउलिपास राज्यात येते, त्या राज्याबाबत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ‘प्रवास करू नये’ ही सर्वांत वरच्या पातळीची सूचना दिलेली आहे, आणि एकदा आत शिरल्यावर ज्याला गल्लीत मागे वळता येत नाही, अशा वाहनासाठी ती सूचना अधिकच गांभीर्याने घ्यायला हवी. हा पूल रात्रभर उघडा नसतो. पण आपल्याला तरी तो सकाळी उघडताच ओलांडायचा आहे.

पूल उतरल्यावर मेक्सिकोच्या सीमाशुल्क विभागाचा दिवा लागतो. हिरवा लागला तर पुढे जायचे, लाल लागला तर बाजूला घेऊन तपासणी द्यायची. ट्रेलर दिसला की हिरव्या दिव्यानंतरही कधीकधी थांबवतात. कपाटे, पलंगाखालची जागा, सगळे उघडून दाखवावे लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. हिरवा दिवा मिळाला म्हणून थेट निघून जाऊ नका. आधी स्थलांतर खात्याच्या खिडकीवर प्रत्येकाच्या पासपोर्टावर शिक्का आणि पर्यटक परवाना, आणि मग बान्हेर्सितो या बँकेच्या खिडकीवर वाहनाचा तात्पुरता आयात परवाना, असा क्रम आहे. सीमेलगतच्या २०-३० किलोमीटरच्या पट्ट्याबाहेर जायचे तर हा परवाना लागतोच. त्यासाठी परत मिळणारी अनामत ठेवावी लागते: वाहन २००७ किंवा त्यानंतरचे असेल तर ४०० डॉलर, २००१ ते २००६ मधले असेल तर ३००, त्याहून जुने असेल तर २००. पर्यटक परवान्यावर अधिकारी जेवढे दिवस लिहील, त्यानुसारच वाहनाची मुदत ठरते. म्हणून खिडकी सोडण्यापूर्वी तो आकडा स्वतः वाचून पाहा. परतताना हा परवाना सीमेवर रद्द करून पावती घेणे अत्यावश्यक आहे. तो रद्द न करता अमेरिकेत परतले, तर अनामत जाते आणि पुढच्या वेळी दुसरे वाहन नेता येत नाही.

पिकअपच्या वजनाचाही प्रश्न आहे. हा परवाना साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांसाठी असल्यामुळे मागे दुहेरी चाके असलेल्या भारी पिकअपला खिडकीवर हरकत घेतली जाऊ शकते. आपल्या पिकअपच्या दारावरील पट्टीवर किती वजन छापले आहे, ते आजच विचारून घ्या.

द्वारका ट्रान्सपोर्ट

मी अमेरिकेत गाडी चालवलेली नाही. पण अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतून निघणारी लांब यंत्रसामग्री ट्रेलरवरून पाठवणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि माझा मेहुणा गेली कित्येक वर्षे टेक्सास आणि मेक्सिको यांच्यातील मालवाहतुकीच्या कामात आहे. त्याच्याशी बोलून लिहितो.

लांब वाहनाचा मार्ग अंतरावर ठरवायचा नसतो. वळणे, चढ-उतार आणि उजेड यांवर ठरवायचा असतो. मेक्सिकोत गावाबाहेरून जाणाऱ्या वळणरस्त्याला ‘लिब्रामिएन्तो’ म्हणतात आणि गावाच्या मध्यवर्ती भागाकडे ‘सेन्त्रो’ अशी पाटी असते. फोनचा नकाशा दोन मिनिटे वाचवण्यासाठी सेन्त्रोत नेईल. आपण पाटीच पाहायची. तसेच ‘कुओता’ म्हणजे पथकराचा रस्ता आणि ‘लिब्रे’ म्हणजे विनाशुल्क रस्ता. कुओताच घ्यावा. आसांच्या (ॲक्सलच्या) संख्येनुसार पथकर वाढतो, ट्रेलरचे आस वेगळे मोजले जातात, आणि रक्कम पेसोंमध्ये रोख द्यावी लागते. म्हणून सुटे पैसे चालकाच्या शेजारी बसणाऱ्याकडे द्यावेत.

लिब्रे रस्त्यावर गावाच्या दोन्ही टोकांना ‘तोपे’ नावाचे गतिरोधक असतात. काहींवर रंग नसतो, पाटीही नसते. पिकअप सावकाश उतरते, चालक सवयीने ॲक्सिलरेटर दाबतो आणि त्याच क्षणी ट्रेलरची चाके उंचवट्यावर चढत असतात. मग आतली कपाटे उघडतात, जोडणीच्या कड्यावर झटका बसतो आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखालचा सांडपाण्याचा नळ रस्त्याला घासतो. ट्रेलरचे शेवटचे चाक उतरेपर्यंत वेग वाढवायचा नाही, हे जावयांना निक्षून सांगा.

मॉन्टेरे साधारण ५४० मीटर उंचीवर आहे, तर साल्तियो १,६०० मीटरवर. म्हणजे अवघ्या ८५ किलोमीटरमध्ये हजार मीटरहून अधिक चढ आहे, आणि परतताना तोच उतार. त्याआधी, मातेउआलाकडून साल्तियोला येताना ५७ क्रमांकाच्या महामार्गावर लोस चोरोस नावाचा उतार लागतो, तिथे ब्रेक तापून ट्रक उलटल्याच्या घटना वारंवार घडतात. कसारा घाटात आमचे चालक जे करतात, तेच तिथे करायचे: उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा, ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून मारायचा, आणि ट्रेलरचा स्वतंत्र ब्रेक पिकअपमधून चालतो की नाही, याची त्याच सकाळी खात्री करून घ्यायची. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या कड्यावर आला पाहिजे. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. पाण्याच्या टाक्या कुठे आहेत आणि त्या भरल्यावर वजन पुढे येते की मागे जाते, हे वजनकाट्यावर एकदा पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी मेहुण्याने आवर्जून लिहायला सांगितले. तिथे पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो, तेव्हा ‘रस्ता मोकळा आहे, पुढे जा’ असा त्याचा अर्थ असू शकतो आणि ‘मी डावीकडे वळतो आहे’ असाही. ट्रेलर मागे असताना या अंदाजावर विसंबून ओलांडायला जाऊ नये.

कागदपत्रे पाहणारी, इंदिरानगर

गोदातीर काका, आपण दोघे आणि जावई यांची स्थिती वेगवेगळी आहे. भारतीय पासपोर्टधारकाकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्यामुळे आपल्या दोघांची अडचण नाही. जावयांच्या शिक्क्याची मुदत संपलेली असल्यामुळे त्यांना मात्र ही सवलत नाही. त्यांनी मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा घ्यावा. त्याची भेटीची वेळ आधीच घ्यावी लागते. परतीसाठी अमेरिकेचा नियम असा आहे की मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा अधिक न राहिलेल्या व्यक्तीला, तिचा आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू असेल तर, मुदत संपलेल्या शिक्क्यावरही परत घेता येते; मात्र त्या काळात तिने नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. जावयांनी मंजुरीचे मूळ पत्र आणि चौघांनीही आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवावी.

दोन नावांविषयी: एका व्यक्तीला एकच मोटार वाहन नेता येते आणि ट्रेलर त्याच्या मागे जोडलेला म्हणून नोंदला जातो. कागदपत्रे एकाच नावावर असणे सर्वांत सोपे. सध्या ते शक्य नसेल, तर मुलीने स्वतः खिडकीवर अर्ज करावा आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा. कर्जावर घेतलेले वाहन असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे परवानगीपत्रही लागते.

अमेरिकेतील विमा मेक्सिकोत ग्राह्य धरला जात नाही. मेक्सिकोतील कंपनीचा विमा सीमेपूर्वी घ्यावा आणि त्यात ट्रेलरचा उल्लेख स्वतंत्रपणे करून घ्यावा. ट्रेलरची नोंद नसेल आणि तो जोडलेला असताना अपघात झाला, तर पिकअपचा दावाही नाकारला जाऊ शकतो. तसेच ट्रेलर जुना घेतला असेल, तर आधीच्या मालकाची बंदुकीची एखादी गोळी कुठे राहिलेली नाही ना, हे कोपरा न् कोपरा तपासून पाहा. मेक्सिकोत एक काडतूस सापडले तरी तो गंभीर गुन्हा ठरतो.

गोदातीर, कॉलेज रोड, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाताळच्या आधी जावे की नंतर, याविषयी कोणी सांगू शकेल का? आणि एका परिचितांनी लारेडोऐवजी टेक्सासच्याच सीमेवरील ईगल पास या गावातून जाण्याचा आग्रह धरला आहे.

परतलेला नाशिककर, गंगापूर रोड

डिसेंबरचा मधला पंधरवडा टाळाच. अमेरिकेत काम करणारी मेक्सिकन कुटुंबे तेव्हा सामानाने भरलेल्या गाड्या घेऊन गावी जातात आणि लारेडोचे सर्व पूल, कोलंबियासकट, तासन्‌तास तुंबतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघालात, तर परतणाऱ्यांची गर्दीही ओसरलेली असेल आणि जावयांच्या व्हिसालाही वेळ मिळेल.

ईगल पासचा पर्याय वाईट नाही. तिथून पिएद्रास नेग्रासला उतरून ५७ क्रमांकाच्या रस्त्याने मोन्क्लोवामार्गे थेट साल्तियो गाठता येते आणि मॉन्टेरेची गर्दी पूर्णपणे टळते. परंतु सीमेवर कागदपत्रांना अर्धा दिवस गेला, तर साल्तियोपर्यंतचे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर उजेडात होत नाहीत. मोन्क्लोवात मुक्काम करावा लागेल. कोलंबियाहून साल्तियो त्याच दिवशी होते, म्हणून माझे मत कोलंबियालाच आहे. पहिला मुक्काम साल्तियो, दुसरा मातेउआला, आणि तिसऱ्या दिवशी सान लुईस पोतोसीला वळसा घालून दुपारीच सान मिगेलच्या बाहेर पोहोचावे. गावातले रस्ते दगडी, अरुंद आणि उताराचे आहेत; ट्रेलर बाहेर लावून केवळ पिकअपने किंवा टॅक्सीने आत जा. सेलायाकडून येणारा रस्ता नकाशाने सुचवला तरी घेऊ नका, कारण ग्वानाह्वातो राज्याच्या त्या दक्षिण भागाबाबत अमेरिकेची सूचना बरीच कडक आहे. सूर्यास्तानंतर चाक फिरवायचे नाही; रस्त्यावर गुरे असतात आणि बंद पडलेल्या ट्रकमागे दिवा नसतो. दिवसा गाडी बंद पडली तर ०७८ क्रमांकावर ‘आन्हेलेस वेर्देस’ ही सरकारी मदत पथके मिळतात.

काकूंसाठी एक निरोप. ट्रेलरच्या फ्रिजमध्ये परतताना ताजा कढीपत्ता, फळे किंवा मांस ठेवू नका. अमेरिकेच्या कृषी तपासणीत ते काढून घेतात आणि विचारल्यावर सांगितले नाही, तर दंडही करतात. संक्रांत तिकडेच होणार असेल, तर तिळगूळ मात्र बिनदिक्कत न्या; विचारले तर काय आहे ते सांगा.