राजापूरकडील जुन्या कौलारू घराचे आढे खचले आहे : दुरुस्तीबाबत सल्ला हवा

धागाकर्ता

राजापूर तालुक्यात आमचे जुने चौपाखी घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असून दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) मातीच्या आहेत आणि छपरावर मंगलोरी कौले आहेत. माजघरावरचे आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) मध्यभागी सुमारे चार बोटे खाली आल्याचे यंदाच्या पावसाळ्यानंतर अंगणातूनही दिसू लागले असून, तेथील कौलांची जुळणी सुटल्यामुळे गळतीही सुरू झाली आहे. एका कंत्राटदाराने सर्व लाकूडकाम काढून लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रे घालावेत असे सुचवले आहे. आई तेथेच राहते, आणि शक्य तेवढे लाकूड व कौले टिकवावीत अशी सर्वांची इच्छा आहे. आढे उचलता येते का, आणि हे काम कोणाकडून व कधी करून घ्यावे?

प्रतिसाद १

उचलता येते, परंतु ते का खचले हे कळल्याशिवाय जॅकला हात लावू देऊ नये. लाकूड वाळवीने किंवा भुंग्याने पोखरले असेल, भिंती बाहेर झुकल्या असतील, अथवा खालचा आधार गेला असेल, तर या तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. तुळयांची (भिंतींवर टेकलेल्या जाड आडव्या लाकडांची) आणि वाशांची (कौलांखालच्या उतरत्या लाकडांची) भिंतीत गेलेली टोके पटाशीने टोचून पाहा, कारण मधले लाकूड ठणठणीत असताना ओल धरणारी टोके आतून भुसा झालेली असू शकतात. भिंती सरळ उभ्या आहेत का हे पाहण्यासाठी त्यांना आतून-बाहेरून ओळंबा लावा. आढ्याचा आखूड खांब ज्या तुळईवर उभा आहे, त्या तुळईखाली नेमके काय आहे, तेही कळवा.

धागाकर्ता

भिंती ओळंब्यात आहेत. पन्हळीजवळच्या तीन वाशांची टोके मऊ लागली, बाकी लाकूड घट्ट आहे. तुळईखाली पूर्वी एक खांब होता. माजघरात फरशी घालताना जागा मोकळी व्हावी म्हणून तो बऱ्याच वर्षांपूर्वी काढण्यात आला.

प्रतिसाद १

मग दुखणे छपरात नसून तुळईखाली आहे. एका चौरस मीटरवर चौदा-पंधरा मंगलोरी कौले बसतात आणि वासे आणि रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) धरल्या नाहीत तरी त्यांचेच वजन चाळीस किलोच्या आसपास जाते; पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. आढ्यावर येणारा त्यातला वाटा पूर्वी आखूड खांबातून खालच्या खांबावर आणि तेथून थेट जमिनीत उतरत असे. आता तो तुळईच्या मध्यावर येतो, आणि सततच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जाते.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे खांब परत उभा करणे. त्यासाठी फरशी फोडून कठीण जांभ्यापर्यंत खोदावे आणि तळखडा (खांबाखालचा दगड) बसवावा. नुसत्या फरशीवर खांब ठेवल्यास ती फुटेल. मोकळी जागा हवीच असेल, तर तुळईच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल बोल्टने आवळता येतात, मात्र त्यांचे माप अभियंत्याकडून काढून घ्यावे आणि खाऱ्या हवेसाठी गंजरोधक रंग द्यावा. लाकडाचीच नवी तुळई घालायची झाल्यास रुंदीपेक्षा उंचीवर खर्च करावा : उंची दीडपट केली की ताठपणा तिपटीहून अधिक वाढतो, रुंदी दीडपट केली तर फक्त दीडपट.

काम दिवाळीनंतर सुरू करून पावसाच्या पुष्कळ आधी संपवावे. कौले आढ्याच्या दोन्ही बाजूंच्या पाख्यांवरून बरोबरीने उतरवावीत. एकच बाजू मोकळी केली तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने आढे ढकलले जाते. टेकूंखाली जाड फळ्या घालून, स्क्रू जॅकने दिवसाला तीन-चार मिलिमीटरच उचलावे आणि कडकड ऐकू आल्यास थांबावे. इतकी वर्षे वाकलेले लाकूड पूर्ण सरळ होणार नाही, आणि त्याचा हट्ट धरू नये. उरलेला बाक रिपांखाली पट्ट्या देऊन झाकता येतो. कुजलेल्या वाशांची टोके कापून शेजारी नवे वासे जोडावेत.

प्रतिसाद २

मी पत्र्यांच्या बाजूचा आहे. गावी माणूस मिळत नाही, दरवर्षीची शाकारणी (कौले काढून पुन्हा नीट बसवणे) कोण करणार?

प्रतिसाद १

अडचण खरी आहे. मात्र पत्रा हलका असल्यामुळे वारा तो उचलतो, म्हणून लोखंडी सांगाडा भिंतीत पक्का गुंतवावा लागतो, आणि मातीच्या दर्जातला चिरा बोल्ट धरून ठेवत नाही. त्यासाठी भिंतींवर काँक्रीटचा पट्टा घालावा लागेल. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात तो आहे का ते आधी पाहा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कौले आणि पत्रे दोन्ही उडाले होते, त्यामुळे वाऱ्यापुढे कौले अभेद्य आहेत असा माझा दावा नाही. पत्र्याखाली मे महिन्यात होणारी काहिली मात्र आईंना सोसावी लागेल.

प्रतिसाद ३

सुतार निवडताना त्याने केलेली दारे-खिडक्या पाहू नका. किमान दोन पावसाळे काढलेले त्याच्या हातचे एखादे छप्पर पाहा आणि त्या घरातल्या माणसांशी बोला. नव्या वाशांसाठी स्वतःच्या आवारातला साग किंवा ऐन तोडायचा असला, तरी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. आणखी एक, फुटलेल्या कौलांच्या जागी घालायला जुनी कौले आणाल तेव्हा आपले एक कौल नमुना म्हणून बरोबर न्या, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असे नाही.